कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घ्यावा, की साधा सोलो आणि सोबत ओटीजी?

मावसभावाकडचा मायक्रोवेव्ह बंद पडलाय आणि वहिनींचा दर दोन दिवसांनी फोन, "भाऊजी, तुम्ही शेवटी काय घेतलं होतं आणि का?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, बाकी कुणी याच घोळात असेल तर त्यांनाही कामी येईल.

लीटर, वॅट, ऑटो मेनू हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते सोडा. घरी खरा वाद एवढाच असतो की गरम करणं, ग्रिल, बेकिंग सगळं करणारा एकच 28 लीटरचा कन्व्हेक्शन आणायचा, का 20 लीटरचा साधा सोलो, म्हणजे नुसतं गरम करणारा मायक्रोवेव्ह, आणि बेकिंगला वेगळा ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी. मी दोन्ही वापरलेत. कन्व्हेक्शन सात वर्षं वापरला, आणि ही जोडी येऊन आता वर्ष होत आलं.

कन्व्हेक्शन वाईट नाही हं. आतल्या पंख्यामुळे उष्णता फिरते, केकला सगळीकडून सारखा रंग येतो, ओट्यावर जागा एकाचीच जाते. आमच्या ओटीजीत पंखा नाही, तर नानखटाई मागच्या बाजूला जरा जास्त भाजते, मध्येच ट्रे फिरवावा लागतो. पहिली दोन वर्षं तर मी भेटेल त्याला कन्व्हेक्शनच घ्या म्हणून सांगत होतो, त्यातले दोघं-तिघं अजून टोमणे मारतात.

बिनसलं ते बाफल्यांवरून.

इंदूरमध्ये रविवारी दाल-बाफले म्हटलं की घरचे पाच आणि बाहेरचे सात धरूनच चालायचं. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी पाण्यात उकळायचे, निथळून कोरडे करायचे आणि मग 200 डिग्रीवर चाळीसेक मिनिटं भाजायचे, आणि आमच्या कन्व्हेक्शनमध्ये एका वेळी बारा-चौदाच बसायचे, म्हणजे दोन घाणे, म्हणजे दीड तास तो बुक. तेवढ्या वेळात लेकीचं दूध, बाबांचा दुसरा चहा, सकाळची डाळ, काहीही गरम करायचं तर गॅसच, आणि गॅसच्या दोन्ही शेगड्या आधीच अडकलेल्या. बरं, घाणा निघाला म्हणजे सुटलो असंही नाही. आतलं सगळं तापलेलं, पंखा घूं घूं करतोय, पंधरा-वीस मिनिटं थांबा. एकदा पानं मांडलेली, पाहुणे बसलेले, आईने घाईत डाळ प्लॅस्टिकच्या डब्यात काढून तशीच आत सरकवली. डब्यावर मायक्रोवेव्ह-सेफ लिहिलेलं होतं, पण ते लहरींपुरतं, 200 डिग्रीवर तापलेल्या जाळीसाठी नव्हे. बूड एका बाजूने बसलं, डबा कलंडला, अर्धी डाळ काचेच्या प्लेटवर. आई एवढंच म्हणाली, "इतके पैसे घालून एका वेळी एकच काम करतो होय रे हा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरी निकाल तिथेच लागला.

भांड्यांचा गोंधळही होताच. नुसत्या कन्व्हेक्शनला स्टील, अ‍ॅल्युमिनियम चालतं, मायक्रोला नाही, आणि दोन्ही एकत्र लावलं की परत नाही. घरातल्या पाच माणसांकडून हे पाठ करवून दाखवा! आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला होता, तरी बाबांनी स्टीलच्या वाटीत ठिणग्या पाडल्याच. आता धातूचं भांडं सोलोत कधीच नाही आणि ओटीजीत बिनधास्त, विषय संपला.

म्हणतात की 1945 साली रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे लहरी सोडणाऱ्या नळीजवळ, काम करताना पर्सी स्पेन्सर या अमेरिकन इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून ही वस्तू निघाली, म्हणजे मुळात ही गरम करायचीच वस्तू. आमच्याकडेसुद्धा गरम करणं दिवसातून दहादा आणि भाजणं महिन्यातून दोन-तीनदा. त्या दहा वेळांसाठी दोन खुंट्यांचा सोलो मला बरा वाटतो. लाइट येऊन-जाऊन झाली तरी घड्याळ लावत बसायला नको, आई चष्मा न लावता चालवते. एक गोम आहे, खुंटी थेट तीस सेकंदांवर ठेवली तर वेळ नीट लागत नाही, दोन मिनिटांच्या पुढे नेऊन मागे आणावी लागते, नाहीतर पोहे कोमट असतानाच टिंग वाजते. पोह्यांवर आधी पाण्याचा हबका, वर झाकण, एक मिनिट, आणि सेव, जिरावण मसाला बाहेर काढल्यावर. सेव आधी घातली तर मऊ पडते आणि मग बाबा खात नाहीत.

विजेचा हिशेब करून फारसा फरक निघत नाही. 800 वॅटचा सोलो भिंतीतून साधारण 1200 वॅट ओढतो, पाच मिनिटांचं एक दशांश युनिट, आणि भाजायचं म्हटलं की वीज कशातही जातेच. पण जोडी घेतली तर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, ओटीजीला 16 अँपियरचा पॉइंट वेगळा ठेवा, आणि त्याच्या मागे-बाजूला थोडी जागा सोडा, त्याचं अंग बाहेरूनही चांगलंच तापतं. पैसे म्हणाल तर आमचं दोन्हीचं मिळून बिल एका बऱ्यापैकी कन्व्हेक्शनएवढंच झालं.

आता ओटा चार फुटांचा असेल, घरात दोघंच असाल आणि दर आठवड्याला केक होत असेल, तर कन्व्हेक्शन घ्या, मी अडवणार नाही. पण वहिनी, तुमच्याकडे सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत आणि बाफले आमच्यापेक्षा जास्त होतात, तेवढं बघा.

आणि महाराणी रोडच्या दुकानांत घ्यायला जाल तेव्हा घरातलं रोजचं ताट पिशवीत घालून न्या, लाज वाटू देऊ नका. दुकानातला पोरगा "अंकल, सब आ जाता है इसमें" म्हणत होता, मी ताट आत ठेवून हाताने प्लेट फिरवली तर अर्ध्या इंचासाठी भिंतीला घासलं. मग शेजारचा खोलून दाखवायला लावला.