अंब्रेला पाम : दहा महिन्यांनंतर

मागच्या सप्टेंबरात गुहागरच्या घरी मागीलदारी लावायला अंब्रेला पाम आणला. नर्सरीत सांगितलं होतं, "पाम आहे, एक दिवसाआड पाणी पुरे." तसंच केलं आणि दिवाळीपर्यंत निम्मे दांडे वाळून गेले. फार वाईट वाटलं.

शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या, "अगो, पाम कसला, हा लव्हाळ्यातला! ह्याचे पाय पाण्यात हवेत." अगदी खरं. मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा, पण आपल्या नागरमोथ्याचा भाऊबंद, दोघांचंही शास्त्रीय नाव 'सायपरस'नेच सुरू होतं. वाळका दांडा कापून पाहिला तर बांबूसारखी पेरं नाहीत, पोकळी नाही, आत नुसता पांढरा भुसभुशीत गर.

मग भोक नसलेल्या टबात भाताच्या खाचरातली चिकण माती आणि दोन मुठी शेणखत घातलं, वर जांभ्याचे खडे पसरले म्हणजे गाळ वर येत नाही. मातीवर दोन-तीन इंच पाणी कायम. टब विहिरीच्या डोणीजवळ ठेवला, तिथे सकाळचं कोवळं ऊन येतं. महिन्याभरात बुडातून हिरवे कोंब सुईसारखे वर आले, आणि शिमग्याला झाड माझ्या कमरेच्या वर होतं. डासांची भीती खरी आहे; मी टबात गप्पी मासे सोडले.

रोपं करायची रीत मला सगळ्यात आवडली. दांड्याच्या टोकाची पातींची छत्री दोन इंच दांड्यासकट कापायची, पाती निम्म्यावर छाटायची आणि पाण्याच्या वाडग्यात उलटी तरंगत ठेवायची. पंधरा दिवसांत पाती जिथे एकत्र येतात नेमक्या त्या मध्यातून पांढरी मुळं सुटली, मागोमाग पोपटी कोंब. बी नको, माती नको.

त्रास झाला तो वैशाखात. विहिरीचं पाणी मचूळ झालं, त्यात समुद्राचा खारा वारा. पातींची टोकं तपकिरी पडली. आता पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवलंय, पुढच्या उन्हाळ्यात तेच घालणार. तपकिरी दांडे बुडापासून कापले, पावसात नवे आले.

एक मात्र कळकळीने सांगते, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी किंवा खाचराच्या बांधावर हा लावू नका. मुळं भराभर पसरतात, मग काढता निघत नाहीत. टबातच ठेवा.

वाडग्यात सध्या सात छत्र्या आहेत. पहिलं रोप काकूंकडे जाणार आहे.