‘बस रे मेल्या’ आणि इतर आज्ञा : घरी येणाऱ्या डॉग ट्रेनरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. घरी येऊन कुत्र्याला शिकवणारा ट्रेनर लावावा, पैसे वाया जात नाहीत. पण तो घरातल्या सगळ्यांना समोर बसवून शिकवणार असेल तरच. आमचा होता ‘कुत्रा माझ्यावर सोडा, तुम्ही आत बसा’ या पंथातला. पाचपैकी साडेतीन तारे. नाव देत नाही, कारण आजूबाजूच्या सोसायट्यांत विचारलं तर बरेच जण असंच शिकवतात म्हणे. उगाच एकट्याच्या पोटावर पाय कशाला?

विद्यार्थी म्हणजे आमचा गुंड्या. देशी, रस्त्यावरून उचलून आणलेला. लहानपणी घरातल्या प्रत्येक शर्टाच्या गुंड्या चावून खाल्ल्या, त्यावरून नाव पडलं. घरात मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या संगमेश्वरकडच्या. कुत्र्याची जागा अंगणात, हे मत त्यांनी अजून सोडलेलं नाही. फक्त दुपारी त्याच्या पाठीवर पाय ठेवून मालिका बघतात.

फी महिन्याला आठ हजार. आठवड्यातून तीन सकाळी, पाऊण-पाऊण तास. पहिल्या दिवशी ट्रेनरनं १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या कुत्र्यानं स्फोटकं कशी हुडकली ते सांगितलं. आमची छाती उगाच फुगली. गुंड्यानं तोवर सोफ्याखालची गेल्या दिवाळीतली चकली हुडकली.

माणूस कामाचा होता, हे मान्यच करायला हवं. मारणं नाही, गळ्याला फास बसणारी साखळी नाही, आवाज चढवणं नाही. हरभऱ्याएवढे पनीरचे तुकडे आणि अचूक वेळ, एवढंच त्याचं भांडवल. कुत्र्याचा पार्श्वभाग जमिनीला टेकला की त्याच क्षणी तुकडा तोंडात. उशीर झाला तर त्या क्षणी तो जे करत असेल त्याचं बक्षीस त्याला मिळतं, आणि तो तेच शिकतो. हे सोन्यासारखं वाक्य त्यानं आम्हाला सांगितलं, पण फार नंतर. तोवर आमच्या नवऱ्यानं संध्याकाळचा सराव करून घेतलेला होता. ‘सिट’ म्हणायचं, गुंड्या बसायचा, मग हे पनीरचा डबा शोधायला फ्रिजकडे जायचे, गुंड्या उठून मागे जायचा, दोनदा भुंकायचा, आणि तेव्हा तुकडा मिळायचा. आता त्याचा ‘सिट’ असा आहे: बसणे, उठणे, फ्रिजपर्यंत जाणे, दोनदा भुंकणे. अगदी क्रमवार करतो, एक पायरी गाळत नाही.

सासूबाईंचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

‘घरच्या कुत्र्याशी इंग्रजी कसलं बोलायचं,’ म्हणून त्यांनी ‘सिट’ बाद केलं. त्यांचं चालायचं असं: आधी साधं ‘बस’. मग ‘बस म्हटलं ना!’ आणि मग बोट रोखून, ‘बस रे मेल्या!’ गुंड्या तिसऱ्याला बसायचा, पनीर तिसऱ्यालाच मिळायचं. पहिली दोन वाक्यं त्याच्या लेखी कीर्तनाआधीचा टाळ वाजवणं होतं. महिनाभरात पूर्ण आज्ञा ‘बस रे मेल्या’ हीच ठरली. नुसतं ‘बस’ म्हटलं तर तो मान तिरकी करून पुढच्या वाक्याची वाट बघतो.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगच्या कागदावर सही घ्यायला आले. सासूबाई त्यांना मुलासारखं अरे-तुरे करतात. दार उघडताच गुंड्या त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर दोन पाय ठेवून उभा. सासूबाई आतून कडाडल्या, ‘बस!’ सेक्रेटरी सोफ्यावर बसले. गुंड्या उभाच. ‘बस म्हटलं ना!’ सेक्रेटरी म्हणाले, ‘बसलोय हो काकू.’ मग ‘बस रे मेल्या!’ झालं. गुंड्या टुणकन खाली बसला आणि सेक्रेटरी ताडकन उभे राहिले. पार्किंगचा कागद सहीविना गेला. वॉचमनला मात्र हे फार आवडलं. तोही आता गेटवर हेच म्हणतो आणि गुंड्या त्याचं ऐकतो. आम्ही फिरायला निघालो की येणारेजाणारे आमच्याकडे बघतात, पण बसतो तर खरा.

ट्रेनरनं स्वतःची आज्ञा ‘सिट’ अशी पक्की केली ती इतकी, की सासूबाई स्वयंपाकघरातून ‘अगं, किती शिट्ट्या झाल्या?’ असं ओरडल्या की गुंड्या जिथे असेल तिथे बसतो आणि वर तोंड करून पनीर मागतो. सासूबाईंच्या मते तो शिट्ट्या मोजतो. डाळ कच्ची राहिली तर तो चुकला असं समजतात.

मग क्लिकर आला. तळहातात मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पत्र्याची पट्टी, दाबलं की ‘टक्-टक्’. कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणी टक् वाजवायचं आणि मग खाऊ द्यायचा, म्हणजे नेमकं कशाबद्दल शाबासकी मिळाली ते त्याला कळतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी ही पद्धत धंद्यात आणली. पुढे डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ती कुत्रेवाल्यांत लोकप्रिय केली. पद्धत उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या घरात दिवसातून पन्नासदा गॅस पेटतो तिथलं काय? आपला गॅसचा लायटरसुद्धा ‘टक्’च करतो. आधी सासूबाईंचा चहा, मग मुलाचा, मग माझा, मग पोळ्या. प्रत्येक टक्‌ला गुंड्या घरच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येऊन ओट्यासमोर हजर, ‘काय बरोबर केलं मी?’ अशा चेहऱ्यानं. लायटर जुना झाला होता, चार-पाच टक् झाल्याशिवाय पेटायचा नाही. तेवढ्या टक्‌मध्ये त्यानं बसून, झोपून, पंजा देऊन, लोळून, जे जे येत होतं ते सगळं एकामागून एक करून दाखवलं. शेवटी आम्ही काडेपेटी आणली. ट्रेनरला सांगितलं तर हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, किचनचं दार बंद ठेवा.’ आमच्या किचनला दार नाही, कमान आहे. घर पाहिल्याशिवाय साधन निवडायचं नाही, इतकं त्याला सुचायला हवं होतं. एक तारा इथे कापलाय. क्लिकरऐवजी तोंडानं ‘येस’ म्हटलं तरी चालतं, हे त्यानं शेवटच्या आठवड्यात सांगितलं!

शी-शूसाठी दाराला छोटी घंटी टांगायची आणि बाहेर जायचं असलं की कुत्र्यानं ती नाकानं वाजवायची, ही युक्ती तर गुंड्याला दोन दिवसांत जमली. घंटी वाजली की कोणीतरी पट्टा घेतं, दार उघडतं, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. आता गणपतीत काय झालं असेल ते वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल. दीड दिवसाचा गणपती, घरभर पाहुणे, मामंजींच्या वेळची पितळी घंटा मुलाच्या हातात. आरती सुरू झाल्याबरोबर गुंड्या तोंडात पट्टा धरून दारात. आरतीच्या प्रत्येक कडव्याला त्याचं कुईकुई वाढत गेलं. घंटा काही थांबेना, आणि दार काही कोणी उघडेना. त्याच्या दृष्टीनं घरातली सगळी माणसं एकदम बाहेर जायचं म्हणत होती आणि कोणी हलत नव्हतं. मंत्रपुष्पांजलीपर्यंत नवरा त्याला घेऊन खाली गेला होता. प्रसाद दोघांनाही उशिरा मिळाला.

‘आउट’ म्हणजे तोंडातलं सोड. क्रिकेटच्या मोसमात ही आज्ञा आपोआप पक्की झाली, ट्रेनरचं त्यात श्रेय नाही. फक्त डीआरएसमध्ये निर्णय फिरला की सोडलेली चप्पल तो परत उचलतो.

‘स्टे’बद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. ही आज्ञा त्यानं लिफ्टच्या लॉबीत शिकवली, ‘डिस्ट्रॅक्शनमध्ये जमलं पाहिजे’ म्हणून. एका संध्याकाळी मुलगा लिफ्टमधून पिशव्या बाहेर काढत होता, कुत्रा मध्ये येऊ नये म्हणून ‘स्टे’ म्हणाला. गुंड्या थांबला, लिफ्टच्या आत. दार बंद झालं. अकराव्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं होतं. तिथल्या आजोबांनी सांगितलं की दार उघडलं तेव्हा कुत्रा पुतळ्यासारखा उभा होता, बाहेर यायला तयार नव्हता, आणि त्यांनी ‘चल बाबा’ म्हणून पाहिलं तरी हलला नाही. आज्ञापालनात पैकीच्या पैकी. आम्ही मात्र जिन्यानं धापा टाकत वर. पट्टा लिफ्टच्या दारात अडकला असता तर हे हसण्यावारी नेता आलं नसतं. लिफ्टमध्ये कुत्र्याला आज्ञा द्यायची नाही, पट्टा आखूड धरायचा आणि कुत्र्याबरोबरच आत-बाहेर करायचं, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. उरलेला अर्धा तारा याचा.

तक्रार केल्यावर त्यानं अखेर आम्हा चौघांना हॉलमध्ये बसवून एक क्लास घेतला आणि त्या पाऊण तासात जे झालं ते आधीच्या सगळ्या दिवसांत झालं नव्हतं. कुत्रा एका माणसाकडून, एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप लावत नाही. हॉलमधला ‘सिट’ गेटवर नव्यानं शिकवावा लागतो, हे तेव्हा कळलं. शब्दापेक्षा हाताकडे त्याचं जास्त लक्ष असतं हेही. मुलानं मग शोधून सांगितलं की नेपल्सच्या विद्यापीठात २०१६ साली खूण एक आणि शब्द दुसरा असं करून पाहिलं, तर कुत्री जास्त करून खुणेमागे गेली. म्हणजे ‘मेल्या’इतकंच श्रेय सासूबाईंच्या रोखलेल्या बोटाचंही. त्याच वर्षी बुडापेस्टच्या आत्तिला आंडिच यांच्या गटानं कुत्र्यांना एमआरआयमध्ये शांत पडायला शिकवून दाखवलं की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच त्यांच्या मेंदूतला आनंदाचा भाग नीट जागा होतो. आमचा नवरा ‘गुड बॉय’ हे थकीत कर्जाची नोटीस वाचावी तशा आवाजात म्हणतो, तेव्हा गुंड्या का वैतागतो ते समजलं.

बोलावण्याच्या बाबतीत सासूबाई जिंकल्या. ट्रेनरचा ‘कम’ बागेत दुसरा कुत्रा दिसला की फुकट. सासूबाईंचं गावाकडचं ‘यू यू यू यू’ मात्र कधी चुकत नाही. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांतले प्राणी हाकणारे लोक ऐकून नोंदवलं होतं की जनावराला पळवायला लोक तोडून-तोडून, भरभर आवाज काढतात आणि थांबवायला एकच लांब. बैलाला ‘होऽऽ’ म्हणतात ते त्यातलंच. ट्रेनरचा मोठेपणा असा की त्यानं भांडण न करता ‘कम’ सोडून दिला आणि स्वतःही ‘यू यू’ म्हणू लागला. त्यासाठी कापलेला एक तारा परत देणार होते, पण मग सासूबाईंना देईन.

लावणार असाल तर एवढं ठरवून घ्या: पहिला क्लास घरातल्या सगळ्यांसोबत, आज्ञांची एकच यादी फ्रिजवर, आणि खाऊ तुमच्या स्वयंपाकघरात चालेल असा. आमच्याकडे मांसाहार नाही, तर त्यानं तक्रार न करता पनीर आणि उकडलेलं गाजर चालवलं. चिवड्यातले दाणे देताना सासूबाईंना मात्र त्यानं लगेच अडवलं, कारण त्यात मनुका होत्या. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कुत्र्याला बाधतं. वेळ सात ते आठची मागा. नऊनंतर दूधवाला, इस्त्रीवाला आणि कुकर सगळे एकदम येतात, आणि पाऊण तासाचे पैसे गुंड्या शिट्ट्यांवर बसण्यात घालवतो.