बझाँसोंच्या जुन्या दुकानातलं चावीचं लिप घड्याळ: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

हिवाळ्यापासून रोज मनगटावर आहे म्हणून आता लिहितोय. घड्याळ चांगलंच आहे, पण मी पैसे मोजले ते दुकान बघून.

बझाँसों म्हणजे फ्रान्सचं घड्याळांचं गाव. 1793 मध्ये स्वित्झर्लंडहून कारागीर येऊन इथे राहिले, लिप हा ब्रँडही इथलाच, 1867 चा. दुकान दू नदीच्या वळशातल्या जुन्या गावात, एवढंसं, पुढे अँटिक सामान आणि मागे रिपेरिंगचं टेबल. माझं साठच्या दशकातलं, स्टीलची केस, डायल जरा पिवळा पडलेला. दुकानवाल्या आजोबांनी आधीच सांगून टाकलं की काच आणि मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) बदललीय, डायल मात्र ओरिजिनल. शेजारी नवा रंग मारलेलं चकचकीत एक होतं, त्याचंही लपवलं नाही. ऑनलाइन हे कोण सांगतं?

1973 ला लिपच्या कामगारांनी फॅक्टरी ताब्यात घेऊन स्वतःच घड्याळं बनवून विकली होती, म्हटलं त्यातलं एखादं आहे का, तर आजोबा हसले, म्हणाले विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो.

सकाळी चहा ठेवला की चावी द्यायची, फुल चावीवर दीड दिवस आरामात चालतं. आधी दिवसाला अर्धा मिनिट पुढे जायचं, दुकानात नेलं तर त्यांनी मशीनवर टिकटिक ऐकवून रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची आतली दांडी) किंचित सरकवला, पैसे घेतले नाहीत, आता आठवड्याला एखादं मिनिट, मला चालतं. क्वार्ट्झची सवय असेल तर या वाटेला जाऊ नका. आणि पाण्यापासून जपा! जूनमध्ये पुण्यात आलो तर काचेत आतून वाफ धरली, पट्ट्याची घामाने वाट लागली. तिथले रिपेरवाले म्हणाले एचएमटी असतं तर केलं असतं, याचे पार्ट कुठून आणू? आजोबांकडे मात्र बंद पडलेल्या वर्कशॉपमधून गोळा केलेले पार्ट ड्रॉवर भरभरून आहेत, परत गेल्यावर त्यांनीच उघडून साफ करून दिलं.

गावातल्या म्युझे द्यु ताँ या घड्याळांच्या संग्रहालयात लरुआ 01 हे खिशातलं घड्याळ ठेवलंय, 1904 ला पूर्ण झालेलं, 24 कॉम्प्लिकेशन्सचं, म्हणजे नुसत्या वेळेपलीकडची जादा कामं करणारं, ते बघाच, पण ते काचेआड. दुकानात मागचं झाकण उघडून बॅलन्स (मागेपुढे फिरणारं चाक) हलताना दाखवतात, लूप म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग तुमच्या हातात देतात.

तक्रारी: कार्ड चालत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि ऑगस्टमध्ये दुकान बंद, तेव्हा त्या महिन्यात मुद्दाम जाऊ नका.