काळ्या मातीवरचं लॉन, कोल्हापूरचा पाऊस आणि तक्रारीनंतरची वागणूक : एका हंगामाचा अनुभव

घरापुढच्या लहानशा जागेत लॉन आणि पेव्हरची वाट करून घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय. काम मार्चमध्ये झालं, आता दिवाळी होऊन गेली. ठेकेदाराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कामात चूक झाली होती. ती त्यांनी कशी निस्तरली, हे मात्र लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला. पुढची जागा साधारण तीनशे चौरस फूट, खाली काळी माती. ठरलं होतं असं : वर चार इंच तांबडी माती आणि शेणखत, त्यावर मेक्सिकन लॉनचं कार्पेट, गेटपासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक, कडेला दुरांटा आणि भिंतीशी जास्वंद, तगर. एप्रिल-मेमध्ये बाग फार सुंदर दिसत होती. सासूबाई संध्याकाळी खुर्ची टाकून तिथंच बसायच्या.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. इथला पाऊस एकदा धो धो पडून मोकळा होत नाही, जुलैत दिवसेंदिवस झड लागते. पायरीपाशी पाणी साठायला लागलं, दोन-तीन ब्लॉक खचले आणि लॉनची एक बाजू आधी पिवळी, मग काळपट झाली. शिवाय सगळीकडून लव्हाळा हे चिवट तण वर आलं. सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे पायरीपाशी घोटाभर पाणी पाहून माझा जीव खालीवर व्हायचा. मी फोन केला तो चांगल्या चढ्या आवाजातच.

समोरून मला वाटलं होतं तसं उत्तर आलं नाही. ‘यंदा पाऊसच जास्त आहे’ असं आधीच्या एका माळीदादांकडून मी ऐकलं होतं. या गृहस्थांनी माझं सगळं बोलणं होऊ दिलं आणि म्हणाले, “वहिनी, पाऊस चालू असतानाच व्हिडिओ काढून पाठवा की. पाणी कुठनं येऊन कुठं थांबतंय ते बघू दे मला.” पाऊस थांबल्यावर पाणी ओसरायला किती वेळ लागतो, हेही विचारलं. तेवढ्यानंच माझा निम्मा राग उतरला, कारण प्रश्न नेमका होता.

मग ते स्वतः रेनकोट घालून आले. सोबत खोरं आणि गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी होती. आधी पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून ओढलं. आपल्याकडं पावसाळ्यात लॉन पिवळं पडलं की हुमणीची शंका घ्यावी लागते. हुमणीनं मुळं खाल्ली असतील तर गवत चटईसारखं अलगद सुटून येतं आणि खाली पांढऱ्या अळ्या सापडतात. इथं अळ्या नव्हत्या. मुळं काळी पडून कुजली होती, वास येत होता. खाली खणल्यावर कारण डोळ्यांनीच दिसलं. तांबड्या मातीतून पाणी झरझर खाली जात होतं आणि फुगून घट्ट झालेल्या काळ्या मातीवर येऊन अडत होतं. नळीनं पाहिलं तर ढाळ रस्त्याकडं हवा, तो थोडा घराकडंच होता.

तिथंच पायरीवर बसून त्यांनी वहीत लिहिलं. ढाळ चुकला ते माझं, ब्लॉकखालचा मुरूम धुमसानं नीट बसवला नाही तेही माझं. शेजारच्या आंब्याच्या सावलीत लॉन टिकणार नाही हे आधी सांगायला पाहिजे होतं, तेही माझंच. लव्हाळ्याबद्दल मात्र म्हणाले, “हा संपवतो असं सांगणारा खोटं बोलतोय. कमी करतो, एवढं सांगतो.” नुसता उपटला तर पात तुटते, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि पुन्हा फुटते. उसात त्यावर हॅलोसल्फुरॉन हे तणनाशक मारतात, पण नवं लॉन नीट रुजल्याशिवाय मी तसलं काही मारणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याऐवजी दर आठवड्याला पोरगा पाठवून गाठींसकट खणून काढायचं ठरलं, आणि गणपतीपर्यंत तो बहुतेक आठवडे आलाही.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. मला सगळं लगेच दुरुस्त हवं होतं. ओल्या काळ्या मातीत आत्ता टिकाव घातला तर सगळा चिखल होईल, नवी लॉन पुन्हा कुजेल, उघडीप मिळाल्यावरच करणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. पण त्यांनी तेवढ्यापुरती सोय त्याच आठवड्यात केली. पायरीपासून गटारीपर्यंत उघडा चर काढला आणि चालायला शहाबादी फरश्या टाकून दिल्या. पायरीपाशी पाणी थांबायचं बंद झालं, सासूबाईंची काळजी मिटली आणि मग मलाही वाट बघणं जमलं. आणखी एक : ज्या दिवशी यायचं ठरलेलं असायचं आणि पावसानं जमायचं नाही, त्या दिवशी सकाळीच फोन यायचा, “वहिनी, आज जमत नाही.” कामाला आलेल्या दिवसांपेक्षा या फोनांनी माझा विश्वास जास्त बसला. गिऱ्हाईक चिडतं ते बहुतेक वेळा वाट बघून.

सप्टेंबरअखेर उघडीप मिळाल्यावर खरी दुरुस्ती झाली. ढाळ आठ फुटाला साधारण इंचभर असा रस्त्याकडं काढला. चरात भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप कापड गुंडाळून घातला, भोवती खडी भरली. ब्लॉक उचलून मुरूम धुमसला, वर कच पसरून पुन्हा बसवले. आंब्याखाली लॉनऐवजी सिंगोनियम आणि फर्न लावले, ओलसर कोपऱ्यात सासूबाईंच्या सांगण्यावरून अळू.

पैशाचं सांगते, कारण खरा प्रश्न तिथंच असतो. शेवटचा हप्ता आम्ही अडवून ठेवला होता. काम पूर्ण होईपर्यंत त्यांनी त्याचा एकदाही विषय काढला नाही. मजुरी आणि नवं गवत त्यांचं, पाईप आणि खडीचे पैसे आमचे, असं ठरलं. हे मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. काळ्या मातीवर लॉन करताना पाण्याचा निचरा पहिल्याच एस्टिमेटमध्ये धरायला हवा होता. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तरी भांडण लांबवण्यात अर्थ नव्हता, कारण पाईप आधी घातला असता तरी पैसे आम्हीच दिले असते.

शेजाऱ्यांनी ग्राहक आयोगात जायचं सुचवलं होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला फी नाही, आणि 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. ती वेळ आली नाही. पण आमच्याकडं लेखी एस्टिमेट, पैसे दिल्याचे पुरावे आणि पावसातले व्हिडिओ होते, म्हणून बोलणं मुद्द्यावर राहिलं. तोंडी ठरवून काम देणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. कागदावर झाडांच्या नावांबरोबर ढाळ कुठल्या दिशेला आणि पाणी कुठं जाणार, हे लिहून घ्यावं.

आजची स्थिती : ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पाणी थांबलं नाही, पाईपातून गटारीत जाताना दिसलं. ब्लॉक पक्के आहेत. लॉन भरतेय, नव्या गवताचे सांधे अजून दिसतात. लव्हाळा कमी झालाय, गेलेला नाही. मेलेल्या दुरांट्याची रोपं बदलून द्यायचं कबूल केलंय, त्यातली काही अजून आलेली नाहीत आणि त्यासाठी मी मागे लागलेय. उरलेली माती त्यांच्या पोरांनी गेटपाशी बरेच दिवस पडू दिली, तेही आवडलं नाही.

पहिल्या कामाला मी पाचपैकी अडीच देईन, तक्रारीनंतरच्या वागण्याला साडेचार. परसातलं कामही त्यांनाच देतोय, संक्रांतीनंतर सुरू होईल. यावेळच्या एस्टिमेटमध्ये पहिली ओळ पाण्याच्या निचऱ्याची आहे, आणि ती त्यांनी स्वतःहून लिहिलीय.