प्यायल्यावर गाडीतच झोपावं, की गाडी तिथंच सोडून घर गाठावं?

मावसभावाचा फोन दुपारी चारला आला. शाळेची बॅच जमणार होती, कोल्हापूर-पन्हाळा रस्त्याला, वाघबीळच्या अलीकडं एका हॉटेलात. "दादा, पिऊन गाडी चालवायची नाही हे ठरलंय आपलं. तिथंच पार्किंगला गाडीत झोपतो, पहाटे उठून येतो. कायद्यात बसतंय नव्हं?" पाठोपाठ एक फॉरवर्ड आला: मागच्या सीटवर झोपा, किल्ली डिकीत टाका, पोलिस काही करू शकत नाहीत.

पोरगं विचार तरी करतंय, याचं बरं वाटलं. पण त्याच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी त्या फॉरवर्डचा निकाल लावू. तो मूळचा इंग्लंडचा असणार. तिकडच्या 1988 च्या कायद्यात पिऊन गाडी चालवणं हा एक गुन्हा आहे आणि पिऊन गाडी नुसती ताब्यात असणं हा दुसरा. म्हणजे किल्ली खिशात ठेवून गाडीत घोरत पडलेला माणूसही अडकू शकतो. सुटायचं तर 'दारू उतरेपर्यंत मी गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती' हे त्यालाच पटवून द्यावं लागतं. नाही पटलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. म्हणून तिकडं किल्ली डिकीत टाकण्याचे उपाय निघाले. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही गाडीवर प्रत्यक्ष ताबा असणं पुरेसं ठरतं.

आपला मोटार वाहन कायदाही 1988 चाच, पण त्याची शब्दयोजना वेगळी आहे. कलम 185 म्हणतं, गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा. 'ताब्यात असणं' हे शब्द त्यात नाहीत. कलम 203 मध्ये पोलिसांना मशीनमध्ये फुंकायला लावायचा जो अधिकार आहे, तोही, अपघात सोडला तर, सार्वजनिक जागी गाडी चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्यापुरताच. तेव्हा बंद गाडीत मागच्या सीटवर झोपणं हा एवढ्यानंच 185 चा गुन्हा होत नाही. कागल ओलांडून कर्नाटकात गेलात किंवा आंबोलीमार्गे गोव्यात उतरलात तरी हे कलम तेच, कारण कायदा केंद्राचा आहे.

इथवर ऐकून भाऊ खूश. "म्हणजे बसतंय की!" म्हटलं, थांब जरा.

कुठल्या सीटवर, इंजिन चालू की बंद

सगळं घोडं 'प्रयत्न' या शब्दापाशी अडतं. रात्री दोनला काचेवर टकटक झाली तर बाहेरच्या हवालदाराला तुमच्या मनातलं दिसत नाही. त्याला सीट, किल्ली आणि इंजिन दिसतं.

ड्रायव्हरच्या सीटवर पाठ टेकलेली, किल्ली लावलेली, एसीसाठी इंजिन चालू. यापेक्षा वाईट अवस्था नाही. तुम्ही झोपला होता हे खरं असलं, तरी 'आत्ताच येऊन थांबलाय' किंवा 'निघायच्या तयारीत आहे' असं समोरच्याला वाटायला पूर्ण जागा आहे. पुढं कोर्टात तुमचं म्हणणं टिकेलही. पण ती रात्र तर गेलीच आणि पुढच्या तारखाही आल्या.

बरेचजण यावर तोड काढतात: इंजिन चालू ठेवायचं आणि झोपायचं मागं. इथं कलम 126 आडवं येतं. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणजे इंजिन चालू ठेवून पुढं झोपलात तर 185 चा संशय आणि मागं झोपलात तर 126 चा भंग. एसीची हौस दोन्हीकडून नडते. मेंदूला पटेल असा एकच मार्ग उरतो: इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागची सीट, काच बोटभर खाली. डास चावणार, त्याला इलाज नाही.

इंजिन बंद ठेवायला कायद्याहूनही मोठं कारण आहे. बेसमेंटमध्ये किंवा बंद शेडखाली इंजिन चालू ठेवून झोपलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि प्यायलेल्या माणसाला गुदमरून जाग येईल याचा भरवसा नाही.

किल्लीचं म्हणाल, तर आपल्याकडं ती डिकीत टाकणं कायद्यानं सक्तीचं नाही. तरी पुश-बटणाची गाडी असेल तर किल्ली हॉटेलच्या काउंटरवर देऊन टाकलेली उत्तम. 'साहेब, किल्ली आत मॅनेजरकडं आहे' या वाक्याला वजन असतं. शिवाय पहाटे तीनला 'आता उतरली' असं वाटून तुम्ही स्वतःच स्टार्टर मारणार नाही, हा खरा फायदा.

दारूबंदीचा विसरलेला कायदा

185 मधून सुटलात तरी महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या तो गावीही नसणार. 1949 चा दारूबंदी कायदा. आपल्याकडं दारू पिणं हे मुळात परवान्यावरचं काम आहे. त्या कायद्याचं कलम 85 रस्त्यावर किंवा लोकांना येण्याजाण्याची मुभा असलेल्या कुठल्याही जागी तोल सुटेल इतकं पिऊन सापडणाऱ्याला लागू होतं. त्याच कलमात परवाना नसताना प्यायलेला सापडणंही आहे. त्यामुळं हॉटेलचं पार्किंग खासगी मालकीचं असलं तरी 'लोकांना मुभा' या शब्दांत ते बसू शकतं.

'पण मी तर माझ्या गाडीत होतो' असं कुणी म्हणेल. 2019 मध्ये बिहारच्या दारूबंदीतल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक जागेतच धरली होती. कायदा बिहारचा होता हे खरं, पण काचा वर केल्या की घर झालं, या समजुतीवर विसंबून राहू नये. पिण्याचा परवाना नाममात्र पैशांत मिळतो, तो पाकिटात असू द्या.

आणि झोपमोड झाली म्हणून हुज्जत घालू नका. प्यायलेल्या माणसानं चारचौघांत उपद्रव दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 355 खाली 24 तासांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा आहे.

गोव्याहून परतीच्या वाटेवर थांबून झोपणाऱ्यांसाठी जाता जाता: डिकीत परवान्याविना गोव्याची बाटली असेल तर तुम्ही कुठल्या सीटवर झोपलाय हा प्रश्नच राहत नाही. ती राज्यात आणणं हाच गुन्हा, आणि गाडीसुद्धा जप्त होते.

रस्त्याकडेला की पार्किंगमध्ये

यावर फार बोलायचं कारण नाही. हायवेच्या कडेला, घाटात, वळणावर अजिबात नको. धुक्यात उभ्या गाडीला मागून ट्रक ठोकतो तेव्हा आतला माणूस पिलाय की नाही, हे कोण बघत बसतंय? धोका होईल अशी गाडी उभी करणं हा कलम 122 चा भंग आहे, ते वेगळंच. झोपायचंच तर हॉटेलच्या आवारात, उजेडात, वॉचमनला सांगून.

खरी गोची सकाळची

माझ्या मते गाडीत झोपण्याच्या बेतातला सगळ्यात मोठा दोष झोपण्यात नाही, पहाटे उठून निघण्यात आहे.

हिशेब ढोबळ आहे. वजन, जेवण, प्रकृती यानुसार बदलतो. 70 किलोचा पुरुष, एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्की. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. रक्तातलं प्रमाण 130 मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि शरीर ते तासाला साधारण 15 नं उतरवतं. 130 वरून 30 वर यायला साडेसहा-सात तास. क्वार्टरवर आणखी दोन-तीन पेग झाले, आणि शाळेच्या बॅचमध्ये ते होतातच, तर दहा तासांच्या पुढं. रात्री साडेबाराला ग्लास खाली ठेवलेला माणूस पहाटे साडेपाचला ताजातवाना उठतो, बोलतो नीट, चालतो नीट, आणि शिवाजी पुलापाशी नाकाबंदी असली तर मशीनमध्ये नापास होतो.

इंग्लंडमध्ये ही मर्यादा 80 आहे. म्हणजे तोच माणूस तिकडं सव्वातीन तास आधीच कायद्यात बसतो. तिकडचा 'थोडं झोपलं की चालतं' हा सल्ला इथं म्हणून फसवा ठरतो. पांढरा रस्सा ओरपून, गंगावेशीत जाऊन म्हशीचं दूध पिऊन किंवा थंड पाण्यानं आंघोळ करून तासाचे पंधरा काही वीस होत नाहीत. रस्सा चवीसाठी प्यावा.

सकाळी सापडलात तर ते सरळसरळ 185. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत. पावती फाडून हे जाग्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं, आणि दोषी ठरलात तर किमान सहा महिने लायसनही जातं. पोलिसांनी अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं. हे माहीत असू द्या, पण त्यावर बेत आखू नका. आणि अपघात झालाच, तर नशेत गाडी चालवली म्हणून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते.

मग दुसरे पर्याय

'ज्यानं कमी घेतली तो चालवेल' हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा. मघाच्या हिशेबानं दोन छोटे पेगसुद्धा 30 च्या वर नेतात. वर कलम 188 प्रमाणं 185 च्या गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही शिक्षा आहे, म्हणजे प्यायलेल्या दोस्ताच्या हाती किल्ली देणाराही गोत्यात येऊ शकतो.

बदली ड्रायव्हर आधी सांगून ठेवला तर उत्तम. रात्री बाराला शोधायला निघालात तर मिळत नाही, किंवा जो मिळतो तोही कुठल्यातरी पार्टीतूनच उठून आलेला असतो.

गाडी हॉटेलात ठेवून रिक्षानं किंवा न प्यायलेल्या मित्रासोबत यावं, हा माझ्या मते सगळ्यात चांगला. हॉटेलवाल्याला विचारून आवारात ठेवली तर प्रश्नच मिटला. सार्वजनिक जागी सोडली तर दहा तासांच्या हिशेबात राहा. तेवढा वेळ बेवारस उभी असलेली किंवा नो पार्किंगमधली गाडी कलम 127 खाली उचलून नेता येते. खटकणारी गोष्ट एकच: दुसऱ्या दिवशी एसटीनं परत जावं लागतं आणि बायको विचारते, गाडी कुठाय. रात्री पन्हाळ्याच्या बाजूनं परतीची रिक्षा मिळायचीही मारामार, म्हणून भाडं जातानाच ठरवून ठेवावं.

खोली घेऊन राहणं महाग, पण तीन-चार जणांत वाटून घेतली तर एका क्वार्टरच्या आसपास पडते. मुख्य म्हणजे पलंगावर झोपलेला माणूस नऊपर्यंत झोपतो. गाडीत झोपलेला पाचलाच उठतो, पाठ आखडते म्हणून, आणि उठला की निघतो. कायद्याच्या दृष्टीनं सगळा फरक त्या चार तासांत आहे.

गाडीतली झोप मी शेवटच्या नंबरला ठेवली. ड्रायव्हर आला नाही, रिक्षा मिळाली नाही, खोल्या भरल्या, तेव्हा ती ठीक. आणि तेव्हाही सकाळी अकराच्या आत किल्ली परत मागायची नाही या अटीवर. दुचाकीवाल्यांना तर तोही पर्याय नाही. त्यांनी हँडल लॉक करावं आणि कुणाच्या तरी मागं बसावं, बसण्याइतकी शुद्ध असेल तर.

भाऊ सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तू तर पितच नाहीस की."

"नाही."

"मग गाडी घरीच ठेवतो. बाराला न्यायला येतोस नव्हं? येताना शेजारचा बंड्या पण आहे आपल्याबरोबर."