सौर प्रकल्पाला गायरान द्यावं की खाणीची पडीक जमीन?

वणी, राजुरा, उमरेड हा आपला कोळसापट्टा. इथे ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा विषय निघाला की पहिलं बोट गायरानाकडे जातं. जागा सपाट, मोकळी, आणि ठराव झाला की काम लवकर सुरू होतं. ही सोय खरी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं मिळतात. पण प्रकल्प उभा राहतो साधारण २५ वर्षांसाठी. तेवढी वर्षं गायकीने, म्हणजे गुराख्याने, ढोरं न्यायची कुठे? ज्याच्याकडे वावर नाही, त्याच्या दोन शेळ्या गायरानावरच जगतात.

खाणीच्या जागेत हे नुकसान नाही, कारण तिथे चरायला काही उरलेलंच नाही. खोलवरून निघालेल्या मुरूम-दगडात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो. मिसळलेल्या कोळशातल्या गंधकामुळे काही ठिकाणी पाणी आंबट होऊन ओढ्यात उतरतं, उरलेला कोळसा आतल्या आत धुमसतो. अशा मातीत तपासणीशिवाय भाजीपाला किंवा चारा घेऊ नये. पॅनलला मात्र सुपीक माती लागत नाही.

अडचण पायाची. खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाचा ताजा ढिगारा बरीच वर्षं खचत राहतो, त्यावर लोखंडी सांगाडा उभारणं धोक्याचं. जुन्या, दबलेल्या ढिगाऱ्याच्या सपाट माथ्यावर पॅनल आणि उतारावर झाडं, ही वाटणी मला सर्वांत पटते. झाडं जगतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणू खतं घालून हिरवळ उभी केली आहे. उतार धरला की पावसाळ्यात गाळ शेतात येणं कमी होतं, आणि उन्हाळ्यात धूळही.

मालकीत गायरान पुढे आहे. कोळसा कंपनीने १९५७च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतलेली जमीन खाण संपली तरी गावाकडे आपोआप येत नाही. पण २०२२ साली केंद्राने कोळसा संपलेली अशी जमीन सौर प्रकल्पांसारख्या कामांना भाड्याने देण्याचं धोरण मंजूर केलं, त्यामुळे मागणी करायला आधार आहे.

माझा कौल खाणजमिनीला, वेळ जास्त लागला तरी. ठरावाआधी तलाठ्याकडून सातबारा काढा, कंपनीकडे खाण बंद करण्याचा आराखडा मागा आणि ढिगारा किती वर्षांचा आहे ते लेखी घ्या. तो ताजा निघाला, तर आधी झाडं लावा. पॅनलचं नंतर बघता येईल.