जारचा टीडीएस ६०, तरी बाटली काळी पडली: एच-टू-एस टेस्टचा अनुभव

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आलं की पिंप, हंडे, कळशा सगळं भरून ठेवायचं. महिन्याभरात धाकट्याचं पोट दोनदा बिघडलं, डॉक्टरांनी पहिलं विचारलं पाणी कुठलं पिता, मी ठामपणे सांगितलं जारचं. कारण जारवाले दादा दारात टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, ६० येतो, मला वाटायचं झालं, शुद्ध आहे. मग ओळखीच्या एका आशाताईंनी पाण्यात जंतू आहेत का ते घरीच तपासायची ही एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) टेस्टची बाटली सांगितली, मी पाच बाटल्यांचं पाकीट ऑनलाइन मागवलं.

वापरायला एकदम सोपी. हात धुवायचे, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं आणि २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. आपल्याकडे उन्हाळ्यात वेगळी ऊब द्यावी लागत नाही, स्वयंपाकघराचा कोपरा पुरे. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असले तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, बाटलीतल्या लोहाच्या क्षाराशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. ही टेस्ट आपल्याच देशातली आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या लोकांनी १९८२ साली मांडली.

आता माझे निकाल. पाणी आलं त्या दिवशी थेट नळाचं भरलं, ४८ तासांनंतरही काळं नाही. आमच्या नळाला उजनी धरणाचं पाणी, म्हणजे भीमा नदीचं, वरून पुण्याकडचं सांडपाणी येतं म्हणून मला सगळ्यात जास्त शंका त्याचीच होती, पण महापालिकेचं क्लोरीन काम करत होतं म्हणायचं. तेच पाणी पिंपात चौथ्या दिवशी मात्र काळं पडलं! साठवलं की क्लोरीन कमी होत जातं, त्यात आम्ही सगळे पेला हातासकट बुडवतो. बोअरचंही काळं झालं, पण तिथे सांभाळून, जमिनीखालच्या पाण्यात असा वायू मुळातच असू शकतो, म्हणून ते मी लॅबला दिलंय.

आणि जार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर शाईसारखा काळा. खरंच हात थरथरले, तेच पाणी आम्ही दोन वर्षं लेकरांना पाजतोय. टीडीएस म्हणजे फक्त विरघळलेले क्षार, जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतो, पण ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू १०० मिलीत एकही चालत नाही. आमच्या जारवर सील नाही, तारीख नाही, लायसन्स नंबर नाही, हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. दादांना बाटली दाखवली तर म्हणाले ताई मशीन नवीन आहे. मशीन असेल हो चांगलं, पण जार आतून कोण घासतं?

पाचवी बाटली पिंप ब्लीचिंग पावडरने घासून, पाणी चांगलं उकळून भरली. काळी झाली नाही. आता तोटीचं पिंप आणलंय.

कमी काय आहे तर ही बाटली फक्त हो की नाही सांगते, किती ते नाही, आणि नायट्रेट, फ्लोराइड तर अजिबात नाही, त्याला लॅबच पाहिजे. सूचना इंग्रजीतच होत्या, सासूबाईंना मला वाचून दाखवाव्या लागल्या, म्हणून पाचपैकी चार स्टार. घेताना मुदतीची तारीख बघा. आणि काळी झालेली बाटली लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, त्यात ब्लीचिंग पावडर टाकून अर्ध्या तासाने संडासात ओता.